निर्देशांकाचा वायदा आणि नवशिक्यास होणारा उपदेश

निर्देशांकाच्या वायद्यात नव्याने उतरू पाहणाऱ्या गृहस्थास आज जो उपदेश सर्वत्र ऐकावयास मिळतो, त्याचा मथितार्थ असा की, निफ्टीच्या एका लॉटसाठी, म्हणजे वायद्याच्या ठरावीक किमान मात्रेसाठी, लागेल तेवढे मार्जिन भरावे, आलेखावरून बाजाराची दिशा ओळखावी, स्टॉपलॉस, म्हणजे भाव अमुक रेषेखाली गेल्यास विकण्याची आज्ञा, लावावा आणि निर्धास्त असावे. उलटपक्षी वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, वायदा म्हणजे निखळ सट्टा असून भल्या माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये. हे दोन्ही पक्ष आम्हांस अमान्य आहेत.

वडीलधाऱ्यांच्या भीतीस इतिहासाचा आधार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडले असता याच मुंबईत बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या भागांचे मुदतीचे सौदे बेसुमार झाले, आणि युद्ध संपून कापूस उतरल्यावर १ जुलै १८६५ रोजी त्या सौद्यांची मुदत भरली, तेव्हा शहरातील भल्याभल्यांचे दिवाळे वाजले. परंतु त्या अनर्थाचे मूळ मुदतीच्या सौद्यात नव्हते; सौद्यास जामीन राहणारे कोणी नव्हते आणि मुदत भरेपर्यंत तोटा निमूटपणे साचत राहत होता, हे ते मूळ होय. जून २००० मध्ये मुंबईच्या दोन्ही शेअरबाजारांत निर्देशांकाचे वायदे सुरू झाले, ते ही उणीव भरून काढूनच. आता प्रत्येक सौद्यामागे क्लिअरिंग कॉर्पोरेशन जामीन म्हणून उभे असते आणि नफ्यातोट्याचा हिशेब दिवसाच्या दिवशी रोखीने चुकता होतो.

मात्र ही सारी तजवीज बाजाराच्या रक्षणासाठी आहे, नवशिक्याच्या नव्हे. आणि पहिल्या पक्षाचे उपदेशक नेमके हेच सांगत नाहीत. मार्जिन ही केवळ अनामत होय, मालाची किंमत नव्हे. बाजाराची नियामक संस्था सेबी हिने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्देशांकाच्या वायद्याच्या एका कराराचे, म्हणजे एका लॉटचे, किमान मूल्य १५ लाख रुपये ठरविले. म्हणजे दोनेक लाख भरून स्वतःस दोन लाखांचा व्यापारी समजणारा मनुष्य वस्तुतः पंधरा लाखांच्या चढउतारास बांधला गेलेला असतो. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, निफ्टी २३,२६३.९० वरून २१,८८४.५० वर आला. ही घसरण सुमारे सहा टक्क्यांची. पंधरा लाखांच्या खरेदीवर तिने नव्वद हजारांच्या आसपास रक्कम एका दिवसात नेली असती, आणि भर घालण्यास रोकड नसेल तर दलालाने सौदा त्याच पडत्या भावात मोडला असता. स्टॉपलॉसची मातब्बरी सांगणाऱ्यांनी २३ मार्च २०२० आठवावा: त्या दिवशी निर्देशांक दहा टक्के कोसळून व्यवहारच काही काळ तहकूब करावे लागले. भाव ठरविलेल्या रेषेच्या पुष्कळ खालीच उघडला, तर स्टॉपलॉस ही विक्रीची आज्ञा उरते, त्या भावाची हमी उरत नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन्स मिळून ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेल्याचे सेबीने प्रसिद्ध केले आहे. तेव्हा आलेख वाचता येतो एवढ्या भांडवलावर कोणी तरुणास या बाजारात लोटावे, याचा आम्हांस मनस्वी खेद होतो.

मग वायदा कोणी करावा? आमच्या मते, ज्याच्यापाशी निरनिराळ्या मोठ्या कंपन्यांचे मिळून एका लॉटच्या मूल्याइतके समभाग आहेत आणि ते मोडण्याची ज्याची इच्छा नाही, त्याने. बाजार पडेल असे भय वाटत असता असा मनुष्य वायद्याचा एक लॉट विकतो. समभागांत जे जाते त्याचा बराचसा भाग वायद्यात परत येतो, आणि बाजार चढल्यास तेवढ्या नफ्यावर त्यास पाणी सोडावे लागते, हे त्या संरक्षणाचे मोल. त्याचे समभाग निर्देशांकाबरोबर तंतोतंत हलतीलच असे नाही, म्हणून भरपाईही तंतोतंत होत नाही. शिवाय या विक्रीसाठीसुद्धा मार्जिनखेरीज काही रोकड निराळी राखून ठेवणे अगत्याचे आहे. कारण बाजार चढला तर वायद्यातील तोटा लगोलग रोखीने द्यावा लागतो, आणि समभागांत झालेला नफा मात्र ते विकल्यावाचून हाती येत नाही.