गावात निम्म्या, विधानसभेत शून्य

रमजान हा हिशेबाचा महिना. घरोघरी जकात मोजली जाते; कुणाचा हक्क आपल्याकडे राहून तर गेला नाही ना, हे तपासले जाते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांनी असाच एक हिशेब मांडण्याची गरज आहे.

दोन्ही जिल्ह्यांत विधानसभेचे प्रत्येकी आठ मतदारसंघ. २०२४ मध्ये या सोळाही जागांवर पुरुष निवडून आले. २०१९ मध्ये तासगाव-कवठेमहांकाळच्या सुमनताई पाटील या सोळांत एकट्या महिला आमदार होत्या. सावित्रीबाई फुले यांचे नायगाव ज्या सातारा जिल्ह्यात आहे, तिथली ही स्थिती.

याच जिल्ह्यांच्या ग्रामपंचायतींत मात्र निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. गावे तीच, मतदार तेच, फरक कायद्याचा. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. जिथे घटनेने सक्ती केली, तिथे स्त्री पोहोचली. जिथे उमेदवारी पक्षांच्या मर्जीवर राहिली, तिथे ती उंबऱ्यातच थांबली.

खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हा आक्षेप खोटा नाही. पण सही तिचीच लागते आणि ग्रामसभेत जाबही तिलाच द्यावा लागतो. कारभार शिकायलाही आधी खुर्ची मिळावी लागते.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना देऊ केल्या. महाराष्ट्राच्या २८८ पैकी ९६. मात्र त्या कायद्यातच आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, अशी अट घातली गेली. हक्क मान्य झाला, पण तारखेविना.

दुसरी त्रुटी मिरज-सांगलीच्या मुस्लिम मोहल्ल्यांना थेट भिडते. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन असे समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यामुळे ओबीसी महिलांसाठी राखीव प्रभागातून तिथल्या भगिनींना महापालिकेत जाता येते. नव्या दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांचा वाटा आहे. ओबीसी स्त्रियांचा नाही. लोकसभेत विधेयकाच्या बाजूने ४५४ आणि विरोधात अवघी दोन मते पडली, ती याच हरकतीवरून. दोन मतांचा प्रश्न म्हणून तो लहान ठरत नाही.

कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलीचा वारसा ठरवून दिला आहे. देशाच्या कायद्यानेही लेकीला वाटा दिला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेणारी घरे सर्व धर्मांत आहेत. लिहिलेला हक्क आणि हाती आलेला हक्क यांत अंतर असते ते इतके. राज्यघटनेतल्या हक्काचे तसे होऊ द्यायचे नसेल, तर सातारा-सांगलीच्या पक्षांनी कायद्याची वाट पाहू नये. पुढच्या निवडणुकीत सोळांपैकी किमान पाच उमेदवाऱ्या स्त्रियांना द्यायला त्यांना कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही.