वरातीतलं गाणं कुणाचं?

लग्नसराईत चेलाडी फाट्यावरून नसरापुरात शिरणाऱ्या वरातीत 'गुलाबी साडी' लागली, की कुणीतरी म्हणतंच, "रीलमुळे चाललं, नशीब!" या आठवड्यातही ते कानावर आलं. पण गाण्याचं यश मोजताना आधी हक्क कुणाकडे आहेत ते पाहायला हवं.

त्यासाठी 'कोंबडी पळाली' आठवावी. 2006 चा 'जत्रा', अजय-अतुल यांचं संगीत, जितेंद्र जोशी यांचे शब्द, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे आवाज. महाराष्ट्रात ते गाणं न वाजलेलं गाव शोधावं लागेल. पण देशभर ती चाल पोचायला 2012 उजाडलं. त्याच संगीतकारांनी ती 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून वापरली आणि श्रेया घोषाल यांनी गायली. चाल मुंबईच्या हिंदी पडद्यावर गेली. मराठी शब्द आणि मराठी गळे मागे राहिले.

'गुलाबी साडी'ला तो वळसा घ्यावा लागला नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांनी ते लिहिलं, गायलं, संगीत जी-स्पार्कचं. फेब्रुवारी 2024 मध्ये गाणं त्यांच्याच यूट्यूब चॅनेलवर आलं. पाठीशी चित्रपट नव्हता. हिंदीतले कलाकार मराठी शब्दांवरच नाचले आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर हे गाणं झळकलं.

फरक पैशाच्या वाटेत आहे. चित्रपटगीताचं ध्वनिमुद्रण सहसा निर्मात्याचं आणि पुढे म्युझिक कंपनीचं होतं. 2012 च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला, तरी गाण्याची चावी दुसऱ्याच्या हाती राहते. चित्रपटाबाहेर गाणाऱ्याला मूळ ध्वनिमुद्रण स्वतःकडे ठेवता येतं. तसं ठेवलं, तर जाहिरातींच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्याच्या घरी येतो. पुढच्या कार्यक्रमांची सुपारीही त्याच्याच नावावर ठरते. ग्रामीण मराठी गायकाला इतकी मोकळी वाट क्वचितच मिळाली आहे.

हक्कांचा विषय निघालाच आहे, तर एक आग्रह इथे मांडायला हवा. कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमाने वरात आणि लग्नसोहळ्याला परवान्यातून सूट दिली आहे, आणि ती योग्यच आहे. शेतकऱ्याच्या घरच्या लग्नावर आणखी बोजा नको. पण जिथे पैसे द्यावे लागत नाहीत, तिथे नाव तरी घेतलं जावं. डीजेवाला माईकवरून नवरदेवाच्या मामांची नावं घेतो, पुढाऱ्यांचीही घेतो. गीतकार, संगीतकार आणि गायकाचं नाव घ्यायला अर्धं मिनिट पुरतं. नसरापूरच्या मंडळांनी आणि बँडवाल्यांनी येत्या लग्नतिथीपासूनच हे सुरू करावं.