आधी नळ, मग फरशी

जुन्या घराच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की चर्चा रंगते ती फरश्या, रंग आणि स्वयंपाकघरातील ओट्याची. थंड पाण्याच्या नळवाहिन्यांचा विचार मात्र अंदाजपत्रकाच्या अखेरीस होतो. वस्तुतः तो सर्वप्रथम व्हावयास हवा.

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अनेक घरांत जस्तलेपित लोखंडी, म्हणजेच जी.आय. नळ आहेत. कालांतराने ते आतून गंजतात, क्षारांचे थर साचतात आणि पाण्याची वाट अरुंद होते. अशा नळावर महागडा शॉवर बसविला तरी धार बारीकच राहते. शिवाय पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीमागे तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. गच्चीवरील टाकी नळाहून ३ मीटरच उंच असल्यास जेमतेम ०.३ किलो. म्हणूनच टाकीतून उतरणारी मुख्य वाहिनी मोठ्या व्यासाची आणि वळणे कमीत कमी असावीत.

‘चालू आहेत ते नळ कशाला उखडायचे?’ हा युक्तिवाद काटकसरीचा वाटतो. परंतु फरशी बसल्यानंतर जुना नळ फुटला, तर कर्जाचे हप्ते चालू असतानाच नवी भिंत फोडावी लागते. त्यापेक्षा प्रत्येक न्हाणीघरास स्वतंत्र कॉक ठेवावा, गिलाव्यापूर्वी वाहिन्यांची दाबचाचणी घ्यावी आणि उघड्या भिंतींची छायाचित्रे घराच्या कागदपत्रांसोबत जपावीत.

भिंतीआडचा हा खर्च पाहुण्यांना दिसत नाही. घरच्यांना मात्र तो रोज सकाळी जाणवतो.