शेवटच्या गाडीच्या आत

मनाचे दुखणे म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचे चोचले, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी ती अंमळ अधिकच घट्ट. ताप आला की सुई, आणि उदास वाटले की ‘दोन दिवस गावाकडे जाऊन ये’. गावाकडे तरी काय असते? सोयाबीन पाण्यात गेलेले आणि बाप बँकेच्या नोटिशीकडे पाहत बसलेला. पोरगे जसे गेले तसे परत येते.

म्हणून यंदा पावसाळ्यात दोन मुले नि एक मुलगी अर्जाची भाषा तपासून घ्यायला माझ्याकडे आली, तेव्हा मला नवल वाटले. कॉलेजातले अर्ज बहुधा पंखे, पिण्याचे पाणी, नाही तर परीक्षेच्या तारखा यांविषयी असतात. या अर्जात मागणी होती एका माणसाची. मनावरचे ओझे ऐकून घेईल असा शिकलेला समुपदेशक, दार लागेल अशी खोली, आणि वेळ दुपारची, शेवटची एस. टी. चुकता कामा नये. ही शेवटची अट मुलीची.

मी विचारले, “अगं, तुमचे सर आहेत की. त्यांच्यापाशी बोलत का नाही?”

“काका, मार्क तेच देतेत,” ती म्हणाली. “अन् त्यांची बहीण आमच्याच गावात दिलेली हाय.”

लहान गावातली सारी अडचण या दोन वाक्यांत आली. येथे कोणीच परका नसतो, आणि असले बोलणे परक्यापाशीच होते.

मुलांची मागणी हवेतली नव्हती. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयी देशभरासाठी नियम घालून दिले. शंभर अगर अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संधान बांधावे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गात नि वसतिगृहात ठळक अक्षरांत लावावेत, हेही त्यात आहे. त्याला खर्च किती? एक कागद आणि चार टाचण्या. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले, आणि त्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता.

बरे, खुर्ची मांडली की काम झाले असेही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या आय. आय. टी.त पहिल्या वर्षाचा एक दलित विद्यार्थी दगावला. तेथे समुपदेशन केंद्र होते. तरीही आंबेडकर-पेरियार-फुले स्टडी सर्कलच्या विद्यार्थ्यांनी, अनुसूचित जाती-जमातींतले समुपदेशकही नेमा, ही मागणी लावून धरली. सोसलेले ज्याला मुळापासून समजावून सांगावे लागत नाही, त्याच्यापाशी माणूस मोकळा होतो. आमच्या मुलांना कर्ज, दुबार पेरणी, बहिणीचे ठरलेले लग्न हे शब्द उलगडून न सांगता कळणारा माणूस हवा आहे.

सरकारला हे अगदी अपरिचित नाही. २०१५ साली मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करण्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. बापाचे मन सरकारदप्तरी नोंदले गेले; त्याच घरातला मुलगा कॉलेजच्या बाकावर बसतो, तो मात्र नोंदीबाहेर राहिला.

अर्जाची भाषा उत्तम होती. मी दोन वेलांट्या तेवढ्या बदलल्या. अडले ते सह्यांपाशी. मुली सही करीनात. कागदावर नाव दिसले तर ‘हिच्या डोक्यात काही बिघाड आहे’ असे गावभर होईल आणि सोयरिकीच्या वेळी निघेल, ही धास्ती. तेव्हा आपल्या घरातली लेक असा कागद घेऊन आली, तर वाचकहो, तिच्या सहीखाली आपलीही एक सही करावी. पालकाचे नाव खाली असले की गावाची जीभ जरा आखडते.

समुपदेशक येईतो १४४१६ हा क्रमांक आहे. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसा-रात्री केव्हाही लागते, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.