वाघाचा फोटो आणि वाघाची वाट

काटोल, प्रतिनिधी – उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी 'एफ-२' वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. हा प्रकार उघडकीस आला तोही चित्रफितीमुळेच. वनविभागाने चालक व मार्गदर्शकांना निलंबित केले आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

नियम नव्हते असे नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावे, प्राणी दिसल्यास दोन वाहनांत ५० मीटर अंतर असावे आणि प्राण्याला घेरू नये, असे स्पष्ट बंधन आहे. ताडोब्यात तर २०१८ च्या अखेरीपासूनच सफारीत मोबाइलवर बंदी आली. तरीही गर्दी होते, कारण वाघ समोरून दिसावा हा आग्रह जिप्सीच्या मागच्या आसनावरून येतो आणि चालकाची बक्षिसी त्यावर ठरते. शिक्षा मात्र पुढच्या आसनापर्यंतच पोहोचते. दूरवरचे छायाचित्र टिपणारी मोठी लेन्स बाळगणारेही जवळ जाण्याचा हट्ट धरतात, हे विशेष.

बछडे सोबत असलेल्या वाघिणीची कोंडी ही निव्वळ गैरसोय नव्हे. ती बिथरली तर पिल्ले विखुरतात, उघड्या जिप्सीतील माणसांच्या जिवावरही बेतू शकते.

अभयारण्यात निदान प्रवेशद्वार आहे, नोंदवही आहे. काटोल तालुक्यात ते काहीच नाही. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळालेले बोर क्षेत्रफळाने लहान. तेथील वाघ नव्या क्षेत्राच्या शोधात बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या वाटेत शेते, संत्र्याच्या बागा आणि अमरावती महामार्ग येतो. याच महामार्गावर बाजारगावजवळ डिसेंबर २०१७ मध्ये बोरचा 'बाजीराव' वाहनाच्या धडकेत मरण पावला. अशा भागात वाघ वा बिबट्या दिसल्याची वार्ता मोबाइलवर फिरली की दुचाकी तिकडे वळतात आणि प्राण्याची माघारीची वाट बंद होते. ठिकाणासह टाकलेले छायाचित्र तर दुसऱ्या दिवशीच्या गर्दीचे निमंत्रणच ठरते. ते शिकाऱ्यालाही तितकेच उपयोगी.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अभयारण्याच्या कुंपणाशी थांबत नाही. त्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हुसकावणे आणि आमिष दाखवणेही येते. बंदूक हाती असण्याची अट त्यात नाही. छायाचित्रासाठी बागेत बिबट्यामागे धावणाऱ्यांना याची कल्पना क्वचितच असते. बाग राखणाऱ्याला मात्र रात्री ओलितासाठी त्याच बागेत जावे लागते, आणि दिवसभर हुसकावलेला बिबट्या तेव्हाही तेथेच कुठे दडलेला असू शकतो.