गोळ्या दिल्या म्हणजे उपचार झाला?

मधुमेहाच्या सेवेबद्दल एक समज सरकारी दवाखान्यापासून रुग्णाच्या घरापर्यंत रुजलेला आहे: तपासणी करावी, गोळ्या द्याव्यात, गोड बंद करायला सांगावे, पुढचे सारे रुग्णाच्या जिभेवर. रुग्णाला शिकवणे, पाठपुरावा, पायांची तपासणी, घरी साखर मोजण्याची सोय या गोष्टी मग पैसा उरला तर करायच्या ठरतात. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची किंमत रुग्ण पाय, डोळे आणि मूत्रपिंडे गमावून चुकवतात.

या समजाचा मुख्य आधार असा, की गुण येतो तो औषधाने. अमेरिका व कॅनडात टाइप 1 मधुमेहाच्या 1441 रुग्णांवर झालेल्या आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी अभ्यासाने हा आधारच काढून घेतला. आधी डोळ्यांचा विकार नसलेल्या रुग्णांत तो उद्भवण्याचा धोका काटेकोर उपचारांनी 76 टक्क्यांनी घटला. इन्सुलिन मात्र काटेकोर आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या दोन्ही गटांना मिळत होते. काटेकोर गटाची इंजेक्शने जास्त होती, हे खरे; पण त्यातले रुग्ण दिवसातून किमान चार वेळा साखर मोजत, जेवण आणि श्रम पाहून मात्रा बदलत, दरमहा केंद्रात येत आणि मधल्या काळात फोनवर सल्ला घेत. याच गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. ज्याला साखर मोजता येत नाही, त्याच्या हाती नुसते जादा इन्सुलिन देणे किती घातक ठरेल, हे यावरून कळते.

भारतात या शिक्षणाची गरज आणखी तीव्र आहे. येथे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचे असते, तर पेनच्या काडतुसात 100 युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या: 40 साठी लाल टोपीची, 100 साठी नारिंगी. 100 युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात 20 नव्हे, 50 युनिट जातात. ही चूक औषध फुकट देऊन टळत नाही. कोणीतरी रुग्णासमोर बसून हात धरून शिकवावे लागते. रोज एकाच जागी टोचल्याने तिथे गाठ होते आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही, हेही असेच सांगावे लागते.

‘इन्सुलिनची सवय लागते, ते शेवटच्या टप्प्याचे औषध’ ही भीतीही याच उणिवेतून पोसली जाते. टाइप 1 मध्ये शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बंद करून काढा दिला, तर मूल काही दिवसांत दगावू शकते. टाइप 2 मध्येही स्वादुपिंडाची शक्ती वर्षांगणिक घटते आणि मग इन्सुलिन लागते. त्यात रुग्णाचा पराभव नसतो. चिठ्ठी लिहिताना ही भीती निघत नाही, त्यासाठी सावकाश बोलणारे माणूस लागते.

राहिला खर्चाचा आक्षेप. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. इतक्यांना हे कसे पुरवणार, असे विचारले जाते. पण पायाची संवेदना तपासायला 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू आणि काही मिनिटे पुरतात. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी ते करू शकतो. ही तपासणी न झाल्याने संवेदना गेलेल्या पायाची जखम चिघळली, तर येणारा शस्त्रक्रियेचा खर्च टळत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते, घरी साखर मोजायच्या पट्ट्या बसत नाहीत. मूत्रपिंड निकामी झाल्यावर पैसे द्यायचे आणि ते वाचवायला नाहीत, याला काटकसर म्हणता येणार नाही.

म्हणून इन्सुलिन घेणाऱ्याला पट्ट्या औषधाइतक्याच हक्काने मिळाल्या पाहिजेत. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पाय आणि लघवीतील प्रथिने तपासली जावीत. ऊसतोडीला सहा महिने गाव सोडणाऱ्यांची नोंद कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात पोचावी, म्हणजे गोळ्या आणि तपासण्या हंगामात तुटणार नाहीत. टाइप 1 च्या मुलाला शाळेत साखर मोजायला व इंजेक्शन घ्यायला जागा असावी, आणि साखर 70 च्या खाली उतरली तर लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज द्यायचे, हे त्याच्या वर्गशिक्षकांना माहीत असावे.