प्रवासापूर्वी चाकांची परीक्षा

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत ग्वाल्हेरहून गोव्याच्या उबेकडे मोटारीने निघणाऱ्या कुटुंबांना आम्ही एवढेच विनवितो : टायर निवडताना नक्षीइतकेच त्याचे वयही पाहावे. कडेवरील चार अंकांत ते असते. ‘३५२२’ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. हिमप्रदेशासाठी केलेले मऊ रबर उष्ण रस्त्यावर लवकर झिजते; आपणांस साधे टायरच योग्य. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बाद समजावा. हवा चाके थंड असताना, भरल्या गाडीसाठी सांगितलेल्या दाबाने भरावी; वाटेत तापून दाब वाढला म्हणून ती सोडू नये. घाट उतरताना सारे कुटुंब चार तळहातांएवढ्या रबरावर विसंबलेले असते, हे विसरू नये.